प्रॉडक्ट ओनरची घडण

प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कंपन्यांमधल्या रोजच्या बोलण्यातला 'पीओ', ही सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बांधण्याच्या स्क्रम पद्धतीतल्या तीन जबाबदाऱ्यांपैकी एक. उरलेल्या दोन स्क्रम मास्टरची आणि डेव्हलपरची. सॉफ्टवेअर कसे बांधायचे हे डेव्हलपर ठरवतात. काय बांधायचे, त्यातले आधी कोणते, नंतर कोणते आणि कधीच नाही असे कोणते, हे पीओने ठरवायचे. टीमच्या कामातून जास्तीत जास्त मोल निघावे, याचा जाबही त्यानेच द्यायचा. त्यासाठी त्याच्या हाती मुख्य साधन एकच असते, प्रॉडक्ट बॅकलॉग ही कामांची क्रमवार यादी. व्याख्या इतकी सुटसुटीत असूनही या पदावरच्या माणसांची कामे कंपनीगणिक बदलतात. कुठे पीओ उत्पादनाचे बजेट सांभाळतो, तर कुठे दुसऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी जिरा या कामनोंदीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरत बसतो. दोघांच्या व्हिजिटिंग कार्डावर पद मात्र एकच छापलेले असते. पीओ घडतो म्हणजे काय होते, हे या दोन टोकांमधल्या अंतरावरून समजते. ते अंतर मुख्यतः निर्णयाच्या अधिकाराचे आहे.

या पदाची मुळे सॉफ्टवेअरच्या बाहेर आहेत. अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गँबलमध्ये नील मॅकएलरॉय यांनी मे 1931 मध्ये एक मेमो लिहिला आणि प्रत्येक ब्रँडची संपूर्ण जबाबदारी घेणारी माणसे नेमावीत, अशी मागणी केली. उद्योगांतल्या 'प्रॉडक्ट मॅनेजर'चा वंश तिथून मोजला जातो. दुसरा धागा जपानचा. टोयोटात नव्या मोटारीमागे एक मुख्य अभियंता असतो. त्याच्या थेट हाताखाली माणसे थोडीच, पण गाडी कशी असावी याबाबत शब्द त्याचा. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी 1986 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात उत्पादनविकासाला रग्बीच्या खेळाची उपमा दिली. जेफ सदरलंड यांनी 1993 मध्ये ईझल कॉर्पोरेशनमध्ये त्या खेळातले 'स्क्रम' हे नाव घेऊन ती रीत सॉफ्टवेअरला लावली आणि 1995 मध्ये केन श्वेबर यांच्यासह ऊप्स्ला परिषदेत मांडली. पीओच्या कल्पनेमागे टोयोटाच्या मुख्य अभियंत्याचा नमुना होता, असे सदरलंड यांनी पुढे सांगितले आहे.

याच सुमारास केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीत 'टीमजवळ बसणारा ग्राहक' अशी भूमिका आली. तिची कसोटी क्रायस्लरच्या पगारपत्रकाच्या 'सी थ्री' प्रकल्पात लागली. ही प्रणाली 1997 मध्ये सुमारे 10,000 कर्मचाऱ्यांचे पगार काढू लागली, पण फेब्रुवारी 2000 मध्ये काम थांबवण्यात आले. टीमला रोज उत्तरे देणारा प्रतिनिधी आणि प्रकल्पाला पैसा पुरवणारे अधिकारी यांच्या अपेक्षा एक नव्हत्या, हा या प्रकल्पाच्या चर्चेत वारंवार निघणारा मुद्दा. अँजेला मार्टिन, रॉबर्ट बिडल आणि जेम्स नोबल यांनी 2004 मध्ये अशा ग्राहक-भूमिकेचा प्रत्यक्ष प्रकल्पांत अभ्यास केला. ही भूमिका उत्तम फळ देते, पण ती निभावणाऱ्या माणसावर पडणारा ताण फार काळ सोसवणारा नसतो, असे त्यांना आढळले. आज एखाद्या पीओचा दिवस सकाळी नऊच्या स्टँडअप बैठकीपासून रात्री क्लायंटच्या कॉलपर्यंत लांबतो, तेव्हा तोच निष्कर्ष पुन्हा खरा ठरत असतो.

फेब्रुवारी 2001 मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे 17 जणांनी लिहिलेल्या अजाइल जाहीरनाम्यात 'प्रॉडक्ट ओनर' हा शब्द नाही. धंद्याची बाजू सांभाळणारे आणि डेव्हलपर यांनी रोज एकत्र काम करावे, एवढेच तिथले तत्त्व. पदाची नेमकी आखणी 2010 पासून निघणाऱ्या स्क्रम गाइडने केली. 2011 च्या आवृत्तीत बॅकलॉग 'प्राधान्याने लावलेला' याऐवजी 'क्रमाने लावलेला' असे म्हटले गेले. हा बदल किरकोळ वाटतो, पण त्याने पीओची एक पळवाट बंद केली. दहा कामांना एकदमच 'हाय प्रायॉरिटी'चा शिक्का मारता येतो. क्रम लावताना मात्र पहिले एकच असते. 2020 च्या आवृत्तीत प्रॉडक्ट गोल, म्हणजे बॅकलॉगमधल्या कामांना एका दिशेला नेणारे उद्दिष्ट, सक्तीचे झाले. पीओ ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे, हा आग्रह मात्र कायम राहिला.

एकाच व्यक्तीचा हट्ट कशासाठी, याचे उत्तर अमेरिकी सरकारच्या आरोग्यविमा संकेतस्थळाने दिले. हेल्थकेअर डॉट गव्ह 1 ऑक्टोबर 2013 रोजी सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी कोलमडले. लाखो लोक आले. त्या दिवशी विमा घेणे पूर्ण झाले ते फक्त सहा जणांचे. कंत्राटदार अनेक, सरकारी विभाग अनेक आणि एकूण डोलाऱ्याला जबाबदार असा कुणीच नाही, ही स्थिती होती. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी 2016 मध्ये काढलेल्या अहवालात स्पष्ट नेतृत्वाच्या अभावावर मोठा ठपका ठेवला. तोवर, ऑगस्ट 2014 मध्ये, सरकारने डिजिटल सेवांसाठी तेरा सूत्रांची पुस्तिका काढली होती. एकच प्रमुख नेमा आणि जाब त्यालाच विचारा, हे त्यातले एक सूत्र. काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचे अधिकार त्या व्यक्तीला खरोखर हवेत, हेही तिथे बजावले आहे. अनेक कंपन्या या सूत्राचा पहिला अर्धा भाग उचलतात आणि दुसरा विसरतात. मग जबाबदारी पीओची आणि निर्णय वरच्यांचे, असा कारभार चालतो.

पीओच्या वाढीचे टप्पे डॉन मॅकग्रील आणि राल्फ जोकम यांनी 2018 च्या त्यांच्या पुस्तकात पाच सांगितले आहेत. पहिला लेखनिक : मागण्या लिहून घ्यायच्या आणि टीमपुढे ठेवायच्या. दुसरा मध्यस्थ : टीमच्या शंका खऱ्या निर्णयकर्त्याकडे न्यायच्या आणि उत्तर परत आणायचे. तिसरा धंद्याचा प्रतिनिधी : तो संबंधित विभागातूनच आलेला असतो आणि बरीच उत्तरे स्वतः देऊ शकतो. चौथा प्रायोजक : त्याच्या हाती पैसाही असतो. पाचवा उद्योजक : उत्पादन जणू स्वतःचाच धंदा आहे अशा रीतीने तो ते चालवतो.

ही मांडणी उपयोगी आहे, पण ती वाचताना एक गोष्ट निसटते. पायऱ्या चढण्याचे काम एकट्या पीओचे नाही. लेखनिकाला मध्यस्थ होता येते ते स्वतःच्या तयारीवर. मध्यस्थाचा प्रतिनिधी होण्यासाठी मात्र वरच्या कुणीतरी निर्णय सोडून द्यावा लागतो, आणि घोडे पेंड खाते ते इथेच. अधिकार मागून क्वचितच मिळतो. तो साठत जातो लहानसहान निर्णयांतून. पीओने कारण देऊन काही ठरवले, ते बरोबर निघाले किंवा चुकले तरी लवकर आणि स्वस्तात चुकले, असे काही वेळा घडले की पुढच्या वेळी विचारणा कमी होते. शेवटच्या दोन पायऱ्यांवर तर उत्पादनाच्या पैशाची आणि नफ्यातोट्याची गोष्ट येते. त्या बहुतेकांच्या वाट्याला येतच नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष असतोच असे नाही.

पहिल्या पायरीवरचे आणि तिसऱ्या पायरीवरचे काम किती वेगळे असते, हे एका कल्पित पण रोजच्या व्यवहारातल्या उदाहरणाने पाहता येते. महाराष्ट्रातल्या अनेक पतसंस्थांमध्ये पिग्मी ठेव चालते. एजंट रोज संध्याकाळी दुकानोदुकानी फिरून छोट्या रकमा गोळा करतो आणि त्या ठेवीदाराच्या खात्यात जमा होतात. एका पतसंस्थेच्या एजंटसाठी मोबाइल अॅप आहे. शाखा व्यवस्थापकाकडून मागणी येते : दिवसभराच्या जमेचा अहवाल पीडीएफमध्ये डाउनलोड करता यावा. लेखनिक पीओ ती जशीच्या तशी स्टोरीच्या, म्हणजे वापरकर्त्याच्या गरजेच्या छोट्या टिपणाच्या, साच्यात बसवतो, टीम तीन दिवसांत बांधते, डेमोला टाळ्या पडतात आणि पुढच्या महिन्यात तीच तक्रार वेगळ्या शब्दांत परत येते.

अनुभवी पीओ आधी विचारतो की अहवाल कशाला हवा. उत्तर मिळते की सकाळी रोखपालाकडे रोकड आणि नोंदी जुळत नाहीत. मग तो एका संध्याकाळी एजंटबरोबर बाजारात फिरतो. तळघरातल्या दुकानांत नेटवर्क नाही, म्हणून एजंट रकमा डायरीत टिपतो आणि रात्री घरी जेवण झाल्यावर अॅपमध्ये चढवतो, हे त्याला तिथे दिसते. आकडा चुकतो तो या रात्रीच्या नोंदणीत. पीडीएफने ती चूक फक्त नीटनेटकी छापून मिळाली असती. आता स्टोरी बदलते : नेटवर्क नसताना जागेवरच जमा नोंदवता यावी.

स्टोरीचे तीन भाग रॉन जेफ्रीज यांनी 2001 मध्ये सांगितले : कार्ड, संवाद आणि खात्री. पीओचा कस लागतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात. ग्रूमिंगला, म्हणजे स्टोरी उलगडण्याच्या बैठकीत, डेव्हलपर विचारतात : नेटवर्क आल्यावर तीच नोंद दोनदा गेली तर? रात्री 11.50 ला घेतलेली रक्कम सर्व्हरवर 12.10 ला पोचली तर तारीख कोणती धरायची? फोन हरवला तर न चढलेल्या नोंदींचे काय? चुकलेली रक्कम एजंटला पुसता यावी का? यातला एकही प्रश्न केवळ तांत्रिक नाही. पीओ ठरवतो की तारीख वसुलीचीच राहील, एकाच पावतीची जमा दोनदा होणार नाही, एजंटला काहीही पुसता येणार नाही आणि दुरुस्तीसाठी शाखेतून उलट नोंद करावी लागेल. न चढलेल्या नोंदींची संख्या अॅप सतत समोर दाखवत राहील आणि त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चढल्या नाहीत तर शाखेला सूचना जाईल. ठेवीदाराला एसएमएस जाईल तो नोंद सर्व्हरवर पोचल्यावरच. पावतीची छपाई आणि एजंटच्या कमिशनचा हिशेब पहिल्या रिलीजमधून बाहेर. आणि कामाचे यश मोजायचे ते दोन शाखांमध्ये सकाळी न जुळणाऱ्या रकमा महिनाभरात किती घटल्या यावर. छपाई वगळल्यामुळे व्यवस्थापक नाराज होतो. ती नाराजी अंगावर घेणे हाही पीओच्या कामाचाच भाग आहे.

क्रम लावण्याच्या पद्धती पुष्कळ आहेत. डाय क्लेग यांनी 1994 मध्ये ओरॅकलमध्ये असताना मांडलेली मॉस्को ही सर्वांत परिचित. त्यात मागण्यांचे 'असायलाच हवे'पासून 'या खेपेला नाही'पर्यंत चार गट पडतात. तिचा व्यवहारातला दोष असा की विभागप्रमुखांना विचारले की सगळेच पहिल्या गटात जाऊन बसते. म्हणूनच तिचा स्वीकार करणाऱ्या डीएसडीएम पद्धतीने पहिल्या गटावर एकूण श्रमाच्या साठ टक्क्यांची मर्यादा सुचवली. नोरिआकी कानो यांच्या 1984 च्या मांडणीत गृहीत धरलेल्या सोयी, जितक्या जास्त तितके समाधान देणाऱ्या सोयी आणि अनपेक्षित आनंद देणाऱ्या सोयी असा भेद आहे. नवे उत्पादन आखताना तो कामी येतो, रोजच्या बॅकलॉगला फारसा नाही. यांत सर्वांत धारदार हत्यार डॉन रेनर्टसन यांनी पुढे आणलेले, उशिराची किंमत. एखादे काम महिनाभर लांबले तर नेमके किती नुकसान, हे रुपयांत मांडायचे. आकडा ढोबळ असला तरी चालतो. विक्री प्रमुख आणि अनुपालन विभाग एकमेकांवर आवाज चढवत असतात तेव्हा हा ढोबळ आकडाच चर्चा खाली आणतो. सरकारी नियमाची मुदत हुकली तर दंड ठरलेला असतो, उलट एखादी आकर्षक सोय सहा महिने लांबली तरी काहीच बिघडत नाही, असे बऱ्याचदा निघते.

नकार देणे हे या कामातले सर्वांत अवघड कौशल्य मानले जाते, आणि ते खरेही आहे. मात्र नुसता नकार टिकत नाही. क्रम उघड ठेवला आणि 'हे वर घ्यायचे तर खाली काय ढकलू' असा प्रश्न केला की मागणी करणाऱ्याला किंमत दिसते. होयबा पीओचा बॅकलॉग पाचशे नोंदींवर जातो आणि तो कुणी वाचत नाही. अशा यादीतल्या दोन वर्षे जुन्या नोंदी सरळ काढून टाकलेल्या बऱ्या. खरी गरज असेल तर मागणारा पुन्हा येतोच.

मागितले ते बांधले, म्हणजे मोल निर्माण झाले, असे होत नाही. याच्या पुराव्यादाखल एक आकडा सर्रास फेकला जातो : सॉफ्टवेअरमधल्या 64 टक्के सोयी कधीच किंवा क्वचितच वापरल्या जातात. स्टँडिश ग्रुपचे जिम जॉन्सन यांनी 2002 मध्ये तो सांगितला, पण त्यामागे मोजकीच, कंपन्यांच्या अंतर्गत वापराची सॉफ्टवेअरे होती. सगळ्या उद्योगाला तो लावणे गैर. अधिक भरवशाचा पुरावा मायक्रोसॉफ्टचा आहे. रॉन कोहावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या नियंत्रित प्रयोगांचा हिशेब 2009 मध्ये मांडला. विचारपूर्वक निवडलेल्या कल्पनांपैकी सुमारे एक तृतीयांशच अपेक्षित मापात सुधारणा करत होत्या. बाकीच्यांत काही निष्प्रभ, काही चक्क नुकसानकारक. या निष्कर्षाचा पीओच्या घडणीशी सरळ संबंध आहे, कारण अनुभवी माणसाचा अंदाजही निम्म्याहून अधिक वेळा चुकणार असेल, तर तो अंदाज बांधकामाआधी स्वस्तात तपासण्याची सवय लावून घ्यावी लागते. उत्पादन-व्यवस्थापनावर लिहिणारे मार्टी केगन चार जोखमी तपासायला सांगतात : लोकांना ते हवे आहे का, त्यांना वापरता येईल का, टीमला बांधता येईल का आणि धंद्याला झेपेल का. तेरेसा टॉरेस यांच्या 2021 च्या पुस्तकात वापरकर्त्यांशी दर आठवड्याला बोलण्याचा आग्रह आहे. सर्वांत जास्त टाळला जाणारा सल्ला बहुधा हाच असावा.

भारतातल्या सेवा कंपन्यांत या पदाला वेगळे वळण लागले. हिंजवडीतल्या टीमचा खरा पीओ क्लायंटच्या कार्यालयात असतो, आणि ते न्यूयॉर्कला असेल तर घड्याळात उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर. सकाळी अकराला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर संध्याकाळी मिळते. म्हणून पुण्याकडे 'प्रॉक्सी पीओ' नेमला जातो. बहुतेक वेळा तो कालचा बिझनेस अॅनालिस्ट असतो. ही व्यवस्था दुसऱ्या पायरीवरच गोठण्याची शक्यता मोठी, कारण कराराचा हिशेब तासांवर आणि माणसांवर चालतो, उत्पादनाच्या यशावर नाही. तरीही काही जण पुढे सरकतात. क्लायंटच्या पीओबरोबर ते आधी ठरवून घेतात की कोणत्या प्रकारचे निर्णय इथे घेतले जातील आणि फक्त कळवले जातील. चुकीच्या संदेशाचे शब्द, स्टोरीचे तुकडे पाडणे, बगचा क्रम इथपासून सुरुवात होते. डोमेनचे ज्ञान पक्के होत जाते तशी ही यादी वाढते. स्वतःचे उत्पादन बनवणाऱ्या कंपन्यांत आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या इथल्या केंद्रांत संपूर्ण मालकी मिळण्याची शक्यता जास्त असते, म्हणून अनुभवी मंडळी तिकडे वळतात.

येण्याच्या वाटा वेगवेगळ्या आणि प्रत्येकीची उणीवही वेगळी. बिझनेस अॅनालिस्टला मागणी नेमकी मांडता येते, पण नाकारण्याची सवय नसते. डेव्हलपर पीओ झाला तर तो उपाय स्टोरीतच लिहून ठेवतो आणि टीमला विचार करायला जागा ठेवत नाही. टेस्टरला अडचणीच्या कडा पटकन दिसतात, परंतु सगळे निर्दोष झाल्याशिवाय रिलीज करायला त्याचे मन धजत नाही. प्रोजेक्ट मॅनेजरची नजर तारखेवरून हटत नाही. बँक, विमा किंवा रुग्णालयातून आलेल्या डोमेनच्या माणसाला धंद्याची नस ठाऊक असते. त्याला शिकावे लागते ते सॉफ्टवेअर कशाने महाग होते आणि तांत्रिक कर्ज, म्हणजे घाईत केलेल्या तडजोडींची साठलेली दुरुस्ती, न फेडल्यास वेग का मंदावतो. ही शेवटची वाट कंपन्या कमी वापरतात, आणि हे नुकसान आहे. तंत्राचे आवश्यक तेवढे ज्ञान टीमसोबत वर्षभरात येते, धंद्याची नस इतक्या लवकर सापडत नाही.

प्रमाणपत्रांचा बाजार तेजीत आहे. स्क्रम अलायन्सचे सीएसपीओ मुख्यतः अभ्यासवर्गाला हजर राहून मिळते. श्वेबर यांनी 2009 मध्ये स्थापन केलेल्या स्क्रम डॉट ऑर्गच्या पीएसपीओला परीक्षा आहे आणि उत्तीर्ण होण्यासाठी 85 टक्के लागतात. दोन्हींमुळे शब्दसंपदा एक होते आणि बायोडेटा चाळणीतून पुढे सरकतो. क्लायंटला नकार कसा द्यायचा, हे मात्र त्यात येत नाही.

उत्पादन मोठे झाले, टीम वाढल्या की पीओ किती, यावर मतभेद आहेत. क्रेग लार्मन आणि बास व्होडे यांच्या लेस या पद्धतीत आठ टीमपर्यंत एकच पीओ आणि एकच बॅकलॉग असतो. बारकाव्यांची उकल टीमने थेट वापरकर्त्यांशी बोलून करायची आणि पीओने फक्त क्रम सांभाळायचा. डीन लेफिंगवेल यांच्या, 2011 पासून प्रचारात आलेल्या सेफ या पद्धतीत प्रॉडक्ट मॅनेजर वेगळा आणि टीमजवळचा पीओ वेगळा. बाजार, दिशा आणि मोठ्या सोयी पहिल्याकडे, स्टोरी आणि त्यांची स्वीकृती दुसऱ्याकडे. मोठ्या बँका आणि विमा कंपन्यांना सेफ सोयीचे वाटते, कारण त्यात सध्याची उतरंड फारशी हलवावी लागत नाही. त्याची किंमत टीमजवळचा पीओ मोजतो. तो वापरकर्त्यांपासून तुटतो आणि पुन्हा लेखनिकाच्या पायरीवर येतो. मेलिसा पेरी यांनी 2018 च्या पुस्तकात याच विभागणीवर टीका केली आहे. त्यांच्या मते प्रॉडक्ट ओनर ही स्क्रम टीममधली एक भूमिका आणि प्रॉडक्ट मॅनेजमेंट हा पेशा. लहान कंपनीत दोन्ही कामे एकच माणूस करतो. मोठ्या कंपनीत पद 'पीओ'चे असले, तरी मुलाखतीला जाणाऱ्याने दोन प्रश्न विचारून घ्यावेत : वापरकर्त्यांना भेटण्याची मुभा कुणाला आहे, आणि बॅकलॉगचा क्रम बदलण्यासाठी किती जणांची संमती लागते?